होडीतली माता

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास फादर एल्पिदियो जेवून, थोडं पडून पुन्हा चर्चमध्ये आले, तेव्हा वेदीमागची भिंत रिकामी होती आणि तिच्या पायथ्याशी ताताय सियानो पालथा मरून पडला होता. अठ्ठावीस वर्षं त्या चर्चची झाडलोट, घंटा, मेणबत्त्या, फुलं सगळं पाहणारा म्हातारा; गाव त्याला ताताय, म्हणजे बाबा, म्हणे. डोक्याला मागून जखम झालेली, आणि किल्ल्यांचा जुडगा अजून मुठीतच.

सान तेलमो हे मनिलापासून लांब, किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. तिथल्या पोलिस ठाण्यात तपासाचं काम सार्जंट नेमेसियोकडे असे. त्याला सगळे मेसियो म्हणत. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, पोट सुटलेलं. आयुष्यात त्याने कोंबड्यांच्या झुंजीवरच्या मारामाऱ्या आणि होड्यांच्या इंजिनांच्या चोऱ्या सोडल्या तर फारसं काही पाहिलं नव्हतं. तरी नजर चांगली होती. पाच मिनिटांत त्याने दोन गोष्टी टिपल्या.

पहिली म्हणजे बाजूचं दार फोडलेलं नव्हतं, आतून उघडलेलं होतं. दुपारी बारा ते तीन चर्च बंद असतं, म्हणजे सियानोने कोणासाठी तरी ते उघडलं होतं.

दुसरी गोष्ट खुंट्यांची. गेलेलं चित्र कापडावरचं नव्हतं, दोन बोटं जाड फळीवर रंगवलेलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा गावच्याच माणसाने काढलेली माता मरिया: कोळ्यांच्या अरुंद होडीत अनवाणी बसलेली, डोक्याला फडकं, मांडीवर बाळ. मेणबत्त्यांच्या धुराने चित्र इतकं काळवंडलं होतं की बाहेरगावच्या माणसाला त्यात काही दिसतच नसे. गावातले कोळी मात्र समुद्रावर जाताना फळीच्या कडेला ओठ लावून जात. ती फळी वेदीमागच्या भिंतीवरच्या चौकटीत आठ लाकडी खुंट्यांनी बसवलेली होती. त्या आठही खुंट्या फरशीवर नीट एका ओळीत मांडून ठेवलेल्या होत्या. एक मोडलेली नाही की चेपलेली नाही.

मेसियो उकिडवा बसून त्या ओळीकडे बघत राहिला. साधा चोर पहार घालतो. खुंट्या मागून अलगद ठोकून काढायच्या, आणि काढल्या की हरवू नयेत म्हणून ओळीत लावायच्या, ही सुताराची सवय. असा एक सुतार त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. वीस वर्षं त्याच्या कारखान्यात बसून मेसियोने संध्याकाळचा चहा घेतला होता.

त्याने खुंट्या गोळा केल्या, रुमालात बांधल्या आणि खिशात टाकल्या. रिपोर्टात लिहिलं, 'अज्ञात इसमाने फळी उचकटून नेली.'

उचकटून. या एका शब्दाची लाज त्याला पुढे आयुष्यभर पुरली.

याचं कारण तीन आठवड्यांपूर्वीच्या एका रविवारी घडलं होतं. मेसियोच्या नातीचा बाप्तिस्मा होता. अंगणात मांडव घातलेला, आख्खं डुक्कर भाजलेलं, माडीचे घडे, जावयाकडचे चाळीस-पन्नास पाहुणे. नातीचा धर्मपिता होता रुस्तिको, गावचा सुतार. खुर्च्या, कपाटं, संतांच्या मूर्ती, शवपेट्या सगळं तोच करी. दोघं एकमेकांना 'पारे' म्हणत. धर्माने जोडलेल्या सोयऱ्यांनी एकमेकांना हाक मारायची तिथली रीतच आहे.

रुस्तिकोला थट्टेची हौस. पेला उंचावून तो म्हणाला, "आमचे सार्जंट म्हणजे काय साधे आहेत? तीस वर्षांत अकरा कोंबडीचोर पकडले! त्यातल्या दोन कोंबड्या तर जिवंत परत मिळाल्या!"

मांडव हसला. जावयाचा बाप तर टेबलावर हात आपटून हसला. मेसियोही हसला, पण त्याचे कान तापले.

"हसा लेको," तो म्हणाला. "या गावात दोन कोटी पेसोंची वस्तू माझ्या भरवशावर आहे. कल्पना आहे का कोणाला?"

"दोन कोटी? सान तेलमोत? कुठली रे, महापौरांची बायको?" रुस्तिकोने विचारलं.

पुन्हा हशा. आणि मेसियोच्या तोंडून निघून गेलं, "होडीतली माता! मनिलाहून तज्ज्ञ आले होते गेल्या महिन्यात. अशा तीनच फळ्या उरल्यात देशात. परदेशात कोणीही डोळे मिटून दोन कोटी मोजेल."

टेबलाखालून त्याच्या बायकोने, पेर्लाने, त्याच्या पायावर टाच दिली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. फादरनी ही गोष्ट फक्त ठाण्याच्या साहेबाला आणि त्याला, दार लावून सांगितली होती. सियानोलासुद्धा सांगितली नव्हती, उगाच म्हाताऱ्याची झोप उडायला नको म्हणून.

सगळे हसत होते तेव्हा एकटा रुस्तिको हसला नाही. "त्या काळ्या फळीचे?" एवढंच त्याने विचारलं, आणि डुकराच्या कातडीचा कुरकुरीत तुकडा तोंडात टाकला.

आता वेदीसमोर उकिडवं बसल्यावर मेसियोला तो तुकडा चावल्याचा आवाजसुद्धा आठवला. खुंट्यांचा माग काढायचा तर पहिला प्रश्न येणार: चित्राची किंमत कोणाकोणाला ठाऊक होती? आणि उत्तरात पहिलं नाव त्याचं स्वतःचं येणार. मनिलाची वर्तमानपत्रं येतील, साहेब विचारतील, फादर त्याच्याकडे नुसते बघतील. त्याने स्वतःची समजूत घातली, की रुस्तिको असं करणारच नाही. मुंगी मारायची तर दहा वेळा विचार करणारा माणूस तो. ही समजूत इतक्या लगेच पटली, तिथेच त्याला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने फेलिमोनला धरलं.

फेलिमोन धक्क्यावर तीनचाकी चालवायचा. पूर्वी तांब्याच्या तारा चोरल्याबद्दल चार महिने आत जाऊन आलेला. चर्चच्या आवारात गाडी लावून झुंजीच्या पैजा घेतो म्हणून सियानोने त्याला महिन्याभरापूर्वी हाकलून दिलं होतं, आणि फेलिमोनने सहा माणसांसमोर ओरडून सांगितलं होतं, "थेरड्या, एक दिवस तुझं टाळकं फोडीन!" त्याच्या घरी रक्ताचे डाग पडलेला सदरा सापडला.

"सर, कोंबड्याचं रक्त आहे ते," फेलिमोन म्हणाला. "सोमवारी माझा कोंबडा हरला. कापून खाल्ला. शेजाऱ्यांना विचारा, त्यांनीही खाल्ला."

"आणि मंगळवारी दुपारी कुठे होतास?"

"गाडीत झोपलो होतो."

"पाहिलं कोणी?"

"झोपलेल्या माणसाकडे कोण बघतं, सर?"

मेसियोने शेजाऱ्यांना विचारलं नाही. रेडिओवर बातमी आली, 'चोवीस तासांत आरोपी गजाआड'. साहेबांनी पाठ थोपटली. कोठडीत आधीच सात जण होते. म्हाताऱ्याला मारून देवाच्या आईला पळवणारा हा, असं कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी फेलिमोनला बडवलं. मेसियोला ते पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. तो उठून गेला, पण खुर्ची सरकवून, टोपी घालून, बटण लावून गेला. पोचेपर्यंत त्यांचं उरकलं होतं.

सियानोची शवपेटी रुस्तिकोने केली. चांगल्या महोगनीची, आणि एक पेसोही घेतला नाही. सगळ्या गावाने त्याला दुवा दिला.

मयताच्या घरी नऊ दिवस प्रार्थना होते. नवव्या दिवशी जेवण असतं. त्या दिवशी दुपारी मेसियो पेर्लाबरोबर गेला. रुस्तिको तिथेच होता, बाकं मांडत होता. सियानोची बायको लुमेन, गावाची नानाय म्हणजे आई, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून माडाच्या पानात गुंडाळलेला चिकट भात पाहुण्यांना वाटत होती. मेसियोला तिने आपल्या शेजारी बसायला लावलं.

"मेसियो, एक विचारू का रे? मी अडाणी बाई."

"विचारा ना, नानाय."

"त्या फेलिमोनने मातेला का नेलं?"

"विकायला, नानाय. फार किमतीची होती."

"होती म्हणे. मला रेडिओवर कळलं. माझ्या नवऱ्याला मरेपर्यंत ठाऊक नव्हतं. रोज फडक्याने पुसायचा, म्हणायचा, हिच्यापेक्षा ती फरशी बरी, निदान चमकते तरी." ती जराशी हसली आणि मग भाताची पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवली. "ज्याने अठ्ठावीस वर्षं पुसली त्याला किंमत माहीत नाही, मग तीनचाकीवाल्याला कोणी सांगितली?"

मेसियोने पुरचुंडी सोडायला घेतली. अंगणात रुस्तिको बाक उचलता उचलता थांबला होता. दोघांची नजरानजर झाली आणि रुस्तिकोने बाक अलगद खाली ठेवलं.

"तपास चालू आहे, नानाय," मेसियो म्हणाला.

घराच्या दाराशी आल्यावर चपला काढता काढता पेर्ला म्हणाली, "तुला तिला उत्तर देता आलं असतं."

"काय उत्तर?"

"मी सांगितली म्हणून. मांडवात, माडी पिऊन, लेकीच्या सासरच्या माणसांसमोर ताठा मिरवायला. त्या दिवशी मी टाच मारली होती, आठवतं? नऊ दिवस वाट बघतेय मी, की आज बोलेल, उद्या बोलेल."

"चाळीस लोकांनी ऐकलं होतं, पेर्ला."

"त्यातल्या कितींना खुंटी काढता येते?" ती आत गेली. त्याच्या विजारीच्या खिशातला रुमाल धुवायला काढताना तिने खुंट्या पाहिल्या होत्या, हे त्याला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रुस्तिकोच्या कारखान्यात गेला. एकटाच, बंदूक न घेता. रुस्तिको खुर्चीच्या पायावर रंधा मारत होता. त्याने नेहमीप्रमाणे स्टूल पुढे सरकवलं.

"बस, पारे. मला वाटलंच तू येशील."

मेसियो उभाच राहिला. "कुठे आहे ती?"

रुस्तिकोने मानेने त्याच्या कामाच्या मेजाकडे खूण केली. मेजावरची जाड फळी भुशाने भरलेली होती. चित्राची बाजू खाली होती.

"मारायचं नव्हतं मला," तो म्हणाला. आवाज सरळ, थकलेला. "वाळवी बघायला आलो म्हटलं, त्याने दार उघडलं. मग तो झोपायला गेला. मी फळी सोडवली, आणि तो परत आला. मला पाणी द्यायला आला होता रे, पारे. तांब्या हातात. म्हणाला, 'रुस्तिको, हिला कुठे नेतोस?' मी म्हटलं दुरुस्तीला. त्याने ऐकलं नाही. किल्ल्या घेऊन फादरला उठवायला निघाला, आणि माझ्या हातात खुंट्या ठोकायची लाकडी मोगरी होती. तांब्या नंतर मीच जागेवर नेऊन ठेवला."

मेसियोला वाटलं आपण रागवावं. राग आला नाही.

"तुझे उपकार कसे फेडू कळत नाही," रुस्तिको म्हणाला.

"कसले उपकार?"

"'उचकटून नेली.' रेडिओवर ऐकलं मी. तेव्हाच समजलो की माझ्या पारेने मला सांभाळून घेतलं. त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली."

"मी तुला सांभाळत नव्हतो."

"मग कोणाला?"

रुस्तिकोने मेसियोकडे निरखून पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर समजल्याचा भाव आला. त्या भावात दया होती, आणि खुन्याची दया अंगावर घेऊन मेसियो तिथे उभा होता.

"अच्छा," रुस्तिको म्हणाला. "हे बघ, फेलिमोनच्या मागे रडणारं कोणी नाही. आणि मला धरलंस, तर कोर्टात पहिलाच प्रश्न येईल, तुला कळलं कोणाकडून? मी खोटं बोलणार नाही, पारे. आता खोटं नको झालंय मला."

इथे मेसियोने त्याचा हात धरायला हवा होता. त्याने धरला नाही. "येतो," म्हणाला, जसं रोज संध्याकाळी चहा संपल्यावर म्हणायचा तसं, आणि बाहेर पडला.

नऊ वाजले होते. तो धक्क्यावर जाऊन दोराच्या खांबाशी बसला. होड्या आल्या, मासे उतरले, बायका भाव करून ओरडल्या, बर्फ वितळून पायाखाली पाणी आलं. त्याने मनात राजीनामा लिहिला. मग फेलिमोनला पुराव्याअभावी सोडून देऊन कोणालाच न पकडण्याची एक युक्ती काढली, आणि ती युक्ती त्याला बराच वेळ आवडलीही. एक वाजला तेव्हा एका कोळ्याने येऊन विचारलं, "सार्जंट, माता सापडेल ना हो? पोरं होडी काढायला घाबरतात." मेसियो उठला. धावत नाही, पण भराभर चालत ठाण्यात गेला आणि साहेबांच्या टेबलावर रुमाल सोडला.

ते कारखान्यात पोचले तेव्हा करवतीचा आवाज येत होता. चार तास रुस्तिकोने वाट पाहिली होती. कोणी आलं नाही, तेव्हा त्याने मेसियोच्या न येण्याचा आपल्या परीने अर्थ लावला आणि पुरावा संपवायला घेतला. फळीचे तीन तुकडे झाले होते. सरसाच्या भांड्याखालच्या चुलीत वरचा तुकडा जळत होता. साहेबांनी पाणी ओतलं तोवर मातेचा चेहरा आणि बाळ दोन्ही कोळसा झाले होते. राहिले ते होडी, पाणी आणि दोन अनवाणी पाय.

रुस्तिकोने हात पुढे केले. "मला वाटलं आपलं ठरलं," तो मेसियोला म्हणाला. शिपायांनी ते ऐकलं. साहेबांनीही ऐकलं.

संध्याकाळी साहेबांनी दार लावलं. "हे बघ, मेसियो. खुनी सापडला, कबुली आहे. नातीच्या जेवणाचं, खुंट्यांचं, सकाळच्या भेटीचं एवढं सगळं जबानीत लिहायची काय गरज? त्याने सांगितलं तर म्हणू, आरोपी काहीही बोलतो."

ही वाट उघडी होती. मेसियोने साहेबांचे आभार मानले, बाहेर आला, टाइपरायटरपाशी बसला आणि सगळं लिहिलं. 'उचकटून' हा शब्द खोटा होता, हेही लिहिलं. धैर्य होतं असं त्याला स्वतःला कधी वाटलं नाही. पेर्लासमोर रोज जेवायला बसायचं होतं, एवढंच.

कोर्टात रुस्तिकोच्या वकिलाने ती जबानी मोठ्याने वाचून घेतली. "म्हणजे सार्जंट, तुम्हाला कोंबडीचोर म्हटल्याचा राग आला?" "कोंबडीचोर पकडणारा, सर." लोक हसले. मांडवातलेच कितीतरी लोक तिथे होते. फादर एल्पिदियो हसले नाहीत. ते त्याच्याकडे नुसते बघत होते, अगदी जसं त्याला वाटलं होतं तसंच. रुस्तिकोला जन्मठेप झाली. मेसियोची एक पट्टी काढली गेली आणि त्याला धक्क्यावर वाहतुकीच्या कामाला लावलं. त्याच्या मुलीने सहा महिने घरी पाऊल टाकलं नाही. "माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याचं जेवण म्हणून गाव काय आठवतं, ते तुम्हाला ठाऊक आहे का, बाबा?" एवढंच तिने निरोपाने विचारलं होतं.

नानाय लुमेनकडे तो खटला संपल्यावर गेला. ती पायरीवरच बसली होती. त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"हे कोर्टात सांगितलंस म्हणे," शेवटी ती म्हणाली.

"हो, नानाय."

"साहेबाला सांगितलंस, जज्जला सांगितलंस, अख्ख्या गावाला सांगितलंस. मी तर तुला सर्वांच्या आधी विचारलं होतं. माझ्याच हातचा भात तुझ्या हातात होता."

त्याने मान खाली घातली.

"माझ्याकडे माफी नाही बाबा द्यायला," ती म्हणाली, ओरडून नाही, घरात मीठ संपलंय म्हणावं तशी. "असती तर दिली असती. तू चांगल्या घरचा आहेस. जा आता."

फेलिमोन उरला होता. त्याला सोडल्यापासून मेसियो त्याला रोज धक्क्यावर पाहत होता आणि रोज शिट्टी फुंकत दुसरीकडे तोंड फिरवत होता. एका शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत फेलिमोनची तीनचाकी त्याच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली. मेसियो जवळ गेला, वाकला आणि हळूच म्हणाला, "फेलिमोन, माझं चुकलं. माफ कर."

"काय?"

"माझं चुकलं म्हटलं."

फेलिमोनने डाव्या कानाकडे बोट दाखवलं. "या बाजूने ऐकू येत नाही. कोठडीत पडदा फाटला. इकडून ये, आणि इंजिन चालू आहे, जरा मोठ्याने बोल."

मेसियो गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. मासळीवाल्या बघत होत्या. बर्फाच्या गाडीवरचा माणूस बघत होता. त्याने टोपी काढली. "माझं चुकलं!" तो ओरडला. "तू निर्दोष आहेस हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! माझी लाज झाकायला मी तुला आत टाकलं! मला माफ कर!"

फेलिमोनने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गिअर टाकला.

"ऐकलं," तो म्हणाला. "बाजूला हो आता. गिऱ्हाईक खोळंबलंय."